घंटेवाला सगळ्यात शेवटी

सूनबाईनं म्हाताऱ्याच्या डाव्या पायात मोजा चढवला, आणि उजव्या पायात चढवेपर्यंत त्यानं डावा काढून टाकला होता. हे रोजचंच. मोजे झाले की शर्टाची बटणं, बटणं झाली की दात, आणि दात बसवून झाले की म्हातारा म्हणणार, मला भूकच नाही. तोवर चहाचं पाणी गार.

"आबा, पाय नका हलवू."

"कुठं जायचंय?"

"बागेत."

"बागेत काय पुरून ठेवलंय माझं?"

आता याला काय सांगायचं! सूनबाई म्हणतात म्हणून कुणी नवी नवरी डोळ्यांपुढं आणू नका. पन्नाशी उलटलेली, जिना चढताना गुडघ्याला हात लावणारी बाई ही. दवाखान्याच्या धुलाईखान्यात उभ्यानं चादरींना इस्त्री करून करून पायांवर निळ्या शिरा फुगलेल्या. लग्न होऊन या खाणकामगारांच्या गल्लीत आली तेव्हापासून अख्खी गल्ली तिला सूनबाई म्हणते. पुढं सासू गेली, नवरा गेला, पण नाव काही सुटलं नाही. सासरा शिल्लक आहे ना, मग सून आहेच.

आणि सासरा असा शिल्लक, की विचारू नका. शरीर लोखंडाचं, डोक्याचा मात्र पार बट्ट्याबोळ. पहाट झाली की पाळीला निघणार. खाण बंद पडून किती वर्षं झाली, पण याची पाळी काही चुकत नाही. शेजारी कोपऱ्यावरून धरून आणायचे. सुरुवातीला हसत आणायचे, मग नुसतेच आणायचे, मग दार वाजवून सांगायला लागले, "सूनबाई, जरा लक्ष ठेवत जा." जरा! जसं काही ती दिवसभर आरशापुढं बसून असते.

सूनबाईला एक नणंद आहे. दूरच्या शहरात असते. फोनवर तिची माया अशी उतू जाते की फोन पुसून घ्यावा लागतो. आबांना बदाम देतेस का, आबांना उन्हात बसवतेस का, आबांशी बोलतेस का. सूनबाई सगळ्याला हो म्हणायची. मग एक दिवस कामावर इस्त्री हातात असतानाच उभ्या उभ्या तिचा डोळा लागला. चादर जळाली, हात थोडक्यात वाचला, मुकादमीण बोलायची ती बोलली. त्या संध्याकाळी सूनबाईनं आपण होऊन फोन लावला आणि म्हणाली, "ताई, मला आता होत नाही."

नणंद तशी वाईट नाही हो. रडली, मग कामाला लागली. तिच्या घराजवळ म्हाताऱ्या माणसांचं एक आश्रमघर होतं, तिथं जागा मिळवली. नर्स आहे, अंगण आहे, फाटकाला कुलूप आहे. उद्या सकाळी ती गाडी घेऊन येणार होती. फक्त म्हणाली, "वहिनी, तू आबांना काही सांगू नकोस. फिरायला जातोय म्हणू आणि बसवू गाडीत."

"बोकडाला नेतात तसं?" सूनबाई म्हणाली. "ते नाही जमायचं. मी सांगते त्यांना."

बोलायला काय जातं! आठवडा गेला, तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. जेवताना सांगू म्हणायची, तर म्हातारा घास हातात घेऊन तिच्याकडं असा बघायचा की तीच पाणी आणायला उठायची. शेवटी नणंदच म्हणाली, जायच्या आधी त्यांना एकदा खाण तरी दाखव, म्हणे आता छान बाग केलीय तिथं. सूनबाईनं ठरवलं, घरात नाही तर बागेत सांगू. आज सांगायचंच. आज नाही सांगितलं तर उद्या बोकडाचा दोर तिच्याच हातात होता.

बसमधून उतरले तेव्हा वर आभाळ भरलेलं आणि खाली गवत ओलं होतं. खाणीचं जुनं फाटक तेच, पण वर कमानीवर मोठ्या अक्षरांत 'ऐतिहासिक उद्यान' लिहिलेलं. आत पायवाटांना पांढरे दगड लावलेले. दगड वाहायच्या लोखंडी गाड्यांत माती भरून पिवळी फुलं लावलेली. कामगार जिथं अंगावरची काळी धूळ धुवायचे, त्या न्हाणीघराचं चहाचं दुकान झालेलं. कपडे टांगायचे आकडे तसेच ठेवून त्यांना दिवे लटकवले होते. खाणीत उतरायच्या विहिरीवरचा तो उंच लोखंडी सांगाडा, ज्याच्या चाकावरून दोर खाली जायचा, त्याला हिरवा रंग फासला होता.

सूनबाईला धास्ती होती, म्हातारा रडेल का, ओरडेल का. म्हाताऱ्यानं चौफेर नजर टाकली आणि म्हणाला, "इथं गवत कुणी वाढू दिलं?"

"लोकांनी बसायला."

"पाळीच्या वेळेला बसायचं कशाला?"

तिनं त्याला एका बाकावर बसवलं, आपण शेजारी बसली, शाल सारखी केली, उगाच पिशवीत हात घालून रुमाल शोधला. मग एकदाचा श्वास घेतला.

"आबा, तुम्हाला एक सांगायचंय."

"मला लघवीला लागलीय."

झालं. तिकडून येईपर्यंत तिचं अवसान गळून गेलं होतं. तरी तिनं पुन्हा सुरुवात केली. "आबा, ताई आहे ना..." एवढ्यात निळ्या गणवेशातली एक गाईड पोरगी हातातला झेंडा हलवत ओरडली, "खाली जायची शेवटची फेरी! कोण येणार आहे?" आणि म्हातारा उठला. बाकाला हात न टेकता उठला. सकाळी संडासातून उठायला ज्याला दोन्ही हात द्यावे लागतात तो माणूस, सूनबाईकडं वळूनही न बघता, सरळ विहिरीकडं चालायला लागला. ती बापडी पिशवी सांभाळत मागं.

जुन्या लोखंडी पिंजऱ्याच्या जागी आता चांगली लिफ्ट बसवलेली. खाणीतली माणसं या पिंजऱ्याला पाळणा म्हणायची, आणि म्हातारा त्या पाळण्याचा तळाचा घंटेवाला होता. म्हणजे काय, तर पाळी सुटली की तळाशी उभं राहायचं, माणसं पाळण्यात चढवायची, दार लावायचं आणि घंटेचा दोर ओढायचा. घंटा वर इंजिनघरात वाजायची आणि पाळणा उचलला जायचा. माणसांसाठी ठोके वेगळे, दगडासाठी वेगळे. ठोका चुकला तर माणसं दगडाच्या वेगानं वर जायची आणि मग घरी जायची ती चार खांद्यांवर. म्हाताऱ्याचा ठोका कधी चुकला नाही. आणि पद्धत अशी, की खाली एक जरी माणूस राहिला असेल तरी घंटेवाल्यानं चढायचं नाही. घंटेवाला सगळ्यात शेवटी.

खाली बोगद्यात दिवे लावले होते, रूळ होते, डोक्याला टोप घातलेले माणसांचे पुतळे कुदळी घेऊन उभे होते. गाईड पाठ केलेलं सांगत होती. लोक फोटो काढत होते. म्हाताऱ्याचं कशातच लक्ष नव्हतं. तो लिफ्टच्या दाराशी आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. तिथं जुनी घंटा शोभेला ठेवलेली होती, दोरासकट. दोर हातात घेतला आणि त्याचा कणा ताठ झाला.

"चला मंडळी, वर जाऊ या आता," गाईड म्हणाली.

"थांब!" म्हातारा गरजला. "ढकलाढकली नको. पोरं मधे घ्या. ओ टोपीवाले, हात आत! बाई, तुमची पर्स काय पालखी आहे का? पोटाशी धरा. अजून एक माणूस मावतो. या, या. लाजताय काय, लग्नाला चाललाय का?"

लोकांना वाटलं हा खेळाचाच भाग. हसत हसत सगळे ओळीत उभे राहिले. एक जाडेसे गृहस्थ तर पोट आत ओढून "आता चालेल का साहेब?" म्हणाले. म्हाताऱ्यानं दार लावलं, दोर ओढला. घंटा खणखणली. गाईडनं हळूच आपल्या वॉकीटॉकीवर वरच्या माणसाला सांगितलं आणि लिफ्ट उचलली गेली.

"गेले वर," म्हातारा समाधानानं म्हणाला.

हा 'वर' शब्द काय आहे ते सांगायला हवं. या गल्लीत नवऱ्याची वाट बघणाऱ्या बायकांचा सगळ्यात लाडका शब्द हा. वर आला, वर गेला, म्हणजे पाळी संपली, माणूस सुखरूप उजेडात पोचला. सूनबाई मात्र आली होती खाणीबाहेरच्या गावातून. लग्नाला आठवडा झाला नव्हता, आणि शेजारीण दारातून ओरडली, "सूनबाई, तुझा नवरा वर गेला गं!" झालं! हिनं तांब्या टाकला आणि असा हंबरडा फोडला की अख्खी गल्ली जमा झाली. नवरा डोकं पुसत, शीळ घालत घरी आला तर दारात ही गर्दी. त्यानंतर कितीतरी वर्षं तो घरात शिरताना म्हणायचा, "वर गेलोय, जेवायला वाढ."

दुसरी फेरी गेली. आता बोगद्यात म्हातारा, सूनबाई आणि गाईड एवढेच उरले. लिफ्ट पुन्हा खाली आली.

"चला आबा, आपण."

म्हातारा हलेना. बोगद्याच्या अंधाऱ्या टोकाकडं बघत म्हणाला, "आमचा पोरगा राहिलाय."

सूनबाईनं लिफ्टमध्ये टाकलेला पाय मागं घेतला.

"तो नाही इथं, आबा."

"नाही कसा? सकाळी विचारलं तेव्हा तूच म्हणालीस ना, कामावर गेलाय? रोज म्हणतेस. मग कामावर गेलेला माणूस असणार कुठं?"

घ्या. बोला आता! तिचीच थाप तिच्या गळ्यात आली. नवरा छातीच्या दुखण्यानं घरात अंथरुणावर गेला, त्याला वर्षं झाली. म्हाताऱ्यानं विचारलं तेव्हा आधी आधी ती खरं सांगायची. तो ऊर बडवून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी विसरायचा आणि पुन्हा विचारायचा, पुन्हा ऐकायचा, पुन्हा तेच. एकाच माणसाचं मरण रोज ताजं करायचं म्हणजे काय असतं ते तिलाच ठाऊक. तिचाही कुणी होता हो तो. शेवटी एक दिवस ती म्हणाली, कामावर गेलाय. म्हातारा शांत झाला, आणि तिनं तेच धरून ठेवलं.

गाईड घड्याळाकडं बघत होती. "आजोबा, वर चहा मिळतो गरम गरम." आजोबा ऐकायला तयार नाहीत. सूनबाईनं दंड धरून ओढून बघितलं. त्यानं झिडकारलं. ती रुळाच्या कडेला मटकन बसली. पाय दुखत होते, डोकं दुखत होतं, थापा मारायचंही त्राण उरलं नव्हतं.

"तो वर गेला, आबा," ती म्हणाली. "कधीच वर गेला."

बोलली ती आपल्या माहेरच्या भाषेत. मेला, एवढंच तिला म्हणायचं होतं. आणि आता हा छाती पिटणार म्हणून तिनं डोळे मिटून घेतले.

"वर गेला?" म्हाताऱ्यानं विचारलं. "मी तर नाही पाठवला."

तिनं डोळे उघडले. म्हातारा कपाळाला आठी घालून बघत होता. तक्रार होती, पण दुःख नव्हतं. तिच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

"तुमची सुट्टी होती त्या दिवशी," ती म्हणाली.

"लागलं बिगलं नाही ना त्याला?"

"नाही. शांत गेला."

"मग आधी सांगायचं की गं! मी आपला खुळ्यासारखा त्याच्यासाठी थांबलोय." म्हाताऱ्यानं लांब श्वास सोडला. इतकी वर्षं तो छातीत धरून ठेवलेला असावा. "बरं झालं. वर गेला ते बरं झालं."

सूनबाई रडत होती. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी तिला सांगत होतं की बरं झालं, आणि ते तिला खरं वाटत होतं.

"ऊठ. आता तू चढ."

"आपण बरोबर जाऊ."

"घंटेवाला सगळ्यात शेवटी. तुला काय नव्यानं सांगायला हवं?"

गाईड तिच्या कानाशी आली. "तुम्ही जा पुढं. मी थांबते त्यांच्याजवळ. नाहीतर हे यायचे नाहीत." आणि म्हाताऱ्याच्या नजरेआड, रुळावरच्या लोखंडी गाड्याच्या मागं जाऊन उभी राहिली. शहाणी पोरगी.

सूनबाई आत चढली. म्हाताऱ्यानं तिच्या शालीचं टोक आत सारलं, जाळीचं दार लावलं, ओढून बघितलं, आणि दोर ओढला. लिफ्ट हलली. जाळीतून तिला दिसत होतं, आधी त्याची टोपी दिसेनाशी झाली, मग तोंड, मग दोर धरलेला हात, मग नुसते बूट राहिले, आणि मग दगड.

खरं सांगायचं तर त्या लिफ्टमध्ये तिला हलकं वाटलं. हाताला कुणाचा दंड नाही, कानाला कुणाची हाक नाही. अंग कसं सैल सोडून ती जाळीला टेकली. आणि दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःची अशी किळस आली की काही विचारू नका. उद्या हेच व्हायचं होतं. दार लागणार, तो आत राहणार, आणि ती अशीच हलकी होऊन घरी येणार.

वर गर्दी पांगली होती. ती दाराशीच उभी राहिली. लिफ्ट खाली गेली, वर आली. म्हातारा बाहेर पडला, मागून गाईड.

"तू अजून इथंच?" म्हातारा चिडला. "घरी का नाही गेलीस?"

"तुमच्यासाठी थांबले."

"घंटेवाल्यासाठी कुणी थांबत नाही. तशी पद्धतच नाही. माणूस वर आला की त्यानं घरची वाट धरायची. मी सगळं आवरून येणार माझा मी. तुझी सासूसुद्धा कधी थांबली नाही."

सूनबाईला आता बाक नको होता आणि रुमालही नको होता. ती उभ्यानंच बोलली. "आबा, उद्या ताई येणार आहे गाडी घेऊन. तुम्हाला तिच्या गावी न्यायचं ठरलंय. तिच्या घरी नाही, तिच्या घराजवळ म्हाताऱ्या माणसांचं एक घर आहे, तिथं. मी तिथं नसणार. मी सुट्टीला येईन भेटायला. आणि हे ताईनं नाही काढलं, मी काढलं. मला आता होत नाही, आबा. माझा जीव थकलाय."

म्हातारा बुटाला लागलेला चिखल पायरीच्या कडेला घासत राहिला. गाईड जरा लांब जाऊन पाटी पुसायला लागली, जी पुसायची काही गरज नव्हती.

"ठाऊक आहे मला," म्हातारा म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं कुणी? हल्ली तू माझ्यावर ओरडत नाहीस." बुटाचा चिखल निघाला होता, तरी तो घासतच होता. "परवा दूध सांडलं, तर 'असू दे आबा' म्हणालीस. तेव्हाच म्हटलं, आता आपलं काही खरं नाही."

खरंच होतं ते. गाडीचा दिवस ठरल्यापासून ती घरात जपून बोलत होती, पाहुण्याशी बोलावं तसं. तिला वाटलं होतं, याला कुठं कळतंय.

"तू भेटायला आलीस ना, तर तसं नको," म्हातारा म्हणाला. "असू दे, असू दे करणारी तिथं पुष्कळ असतील."

मग त्यानं डोक्यावरची लोकरीची टोपी काढली, नीट निरखून पाहिली आणि समोरच्या ओल्या गवतात भिरकावून दिली.

"ही बघ," तो म्हणाला. "टाकली."

"आबा!" सूनबाईचा आवाज फुटला. "अक्कल आहे का काही? कालच धुतलीय ती! वाळवायला माझ्या छातीवर घालू? सर्दी झाली की रात्रभर खोकत बसाल आणि निस्तरायचं कुणी? उचला आधी! उचला म्हणते ना!" ती ओरडत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मोज्यांवरून, दातांवरून, दुधावरून, आठवडाभराचं सगळं साचलेलं तिनं बाहेर काढलं. चहाच्या दुकानातली माणसं कप हातात घेऊन दारात आली.

म्हातारा टोपीकडं वाकलासुद्धा नाही. दोन्ही हात पाठीमागं बांधून, मान खाली घालून तो सगळं ऐकून घेत होता, आणि ती श्वास घ्यायला थांबली की म्हणत होता, "हं. अजून?"